कान कुणाचा, तोंड कुणाचं

जनावरं न बांधता मोकळी ठेवायच्या मुक्त संचार गोठ्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "दावं कशाला असतंय, ते आता वासरंच शिकवतील तुला."

मी ऐकलं नाही. दोन महिन्यांच्या आतली चार वासरं होती: चिमी, राणी, पाटलीण या तीन कालवडी आणि एक गोऱ्हा. गोठ्यामागं जाळी मारली, खाली पाचट अंथरलं, गळ्यातली दावी सोडून खुंटीला टांगली. चौघं शेपट्या वर करून अशी उधळली की मी लगेच व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले. आईचं काही आलं नाही, कारण ती ग्रुपवर नाही.

संध्याकाळी दूध पाजायला गेलो. वासराला बादलीतून प्यायला शिकवायचं म्हणजे आपली दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची आणि ते चोखायला लागलं की हात हळूच दुधात बुडवायचा. जीभ खरकागदासारखी, पकड सावकारासारखी. पण एकदा जमलं की दीड लिटर दूध बघता बघता फस्त! आईला लुचताना त्याला ढुशा मारत, पान्हा सोडवत बराच वेळ लागतो. इथं पोट भरतं आणि चोखायची हौस तशीच राहते. ती शेजाऱ्यावर फिटते.

दहा मिनिटांनी बघतो तर चिमीच्या तोंडात राणीचा कान, राणीच्या तोंडात गोऱ्ह्याची बेंबी, आणि गोऱ्हा पाटलिणीच्या मागं तोंड घालून सडं शोधतोय. पाटलीण डोळे मिटून उभी. तिला काय, फुकट सेवा.

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. बेंबी पिकते, केस पोटात जाऊन गोळे होतात आणि कालवडीचं सड आत्तापासून चोखलं गेलं तर उद्या तिची कास बिघडू शकते. "दूध पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं सांभाळा, हौस आपोआप उतरते."

सांभाळा म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. आप्पांनी तोंडाला मीठ चोळायला सांगितलं. आता चौघं मीठ चाटायला एकमेकांचं तोंड शोधू लागली. मुसकं घातलं, ते पाटलिणीनं जाळीला घासून काढलं आणि गोऱ्ह्यानं चोखलं. निपलची बादली आणली. दूध सावकाश जाऊ लागलं, खोटं कशाला बोलू, फरक पडला. पण निपल एक आणि तोंडं चार. रांगेचा नियम चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

शेवटी खुंटीवरची दावी काढायला गेलो. आईनं ती आधीच खाली काढून, गाठी सोडवून ठेवली होती. एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

आता दूध पाजलं की चौघांना हातभर अंतरावर बांधायचं, पुढ्यात लसूणघासाची एकेक पेंढी टाकायची, वीस मिनिटांनी सोडायचं. तिघांना बांधलं. चौथीला दावं लावायला वाकलो तेव्हा मागून सदरा ओला लागला.

घरातून हाक आली, "अहो, डेअरीचं बिल कुठं ठेवलंय?"

खिशात हात घातला. अर्धं होतं.