सेपरेटच्या पोटातला उंदीर

सेपरेट हा शब्द लिहायला बसलं की पहिला घोळ स्पेलिंगचा. कान सांगतो मधे ‘ई’ आहे, आणि तिथे बसलेला असतो ‘ए’. यावर जुनाच उतारा आहे: ‘एस-ई-पी’नंतर ‘ए रॅट’, शेवटी ‘ई’. उंदीर निसटला की स्पेलिंग गेलं. उच्चाराचं दुखणं आणखी निराळं. क्रियापद असेल तर शेवट ठसक्यात ‘रेट’. विशेषण असेल तर तोच शब्द अंग चोरून ‘सेप्रट’.

एवढं जमल्यावर समानार्थी कोश उघडायची दुर्बुद्धी होते. तिथे डिव्हाइड, डिटॅच, सेव्हर, पार्ट सगळे एका ओळीत गुण्यागोविंदाने बसलेले. एकाला उठवून दुसऱ्याच्या जागी बसवा, की वाक्य रुसलंच. सेपरेटला बहुधा ‘फ्रॉम’ लागतो: वस्तू मुळात दोन, चिकटलेल्या किंवा मिसळलेल्या. डिव्हाइडला ‘इंटू’: वस्तू एकच, तिचे भाग पाडायचे. डिटॅच म्हणजे अलगद सोडवणं, सेव्हर म्हणजे कापून मोकळं होणं. गंमत अशी की सेव्हर आणि सेपरेट एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरं; सेव्हर फ्रेंचमार्गे आला आणि येताना धार लावून आला.

सगळ्यांत बेभरवशाचा क्लीव्ह. त्याचा अर्थ फोडणं, आणि चिकटणंसुद्धा! जुन्या इंग्रजीतली दोन वेगळी क्रियापदं पुढे एकाच रूपात मिसळली. वेगळं करण्याचा शब्द, आणि त्यालाच कोणी वेगळं ठेवलं नाही. भूतकाळात तो क्लीव्ह्ड, क्लोव्ह, क्लेफ्ट यांपैकी काहीही होतो. मी म्हणेन, त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

मराठीकडे वळावं तर ‘विभक्त’ आडवा येतो. सेपरेटेड जोडपं वेगळं राहतं, पण कायद्याने लग्न शाबूत असतं. घटस्फोट ही पुढची पायरी. म्हणून ‘विभक्त जोडपं’ लिहावं, तर शेजारीच ‘विभक्त कुटुंब’ उभं, आणि त्यातले नवराबायको एकाच घरात नांदत असतात. अशा वेळी ‘वेगळे राहतात’ एवढंच लिहावं.

राहता राहिला पार्ट. माणसाचा निरोप घेताना त्याच्यापुढे ‘फ्रॉम’ लावावा. ‘विथ’ लावलात तर अर्थ होतो जिवावर येऊन देऊन टाकणं. जुन्या छत्रीला ते शोभतं. मित्राला लावलंत तर तो विचारेल, कोणाला दिलंस मला?