सेंट पॉल कॅथीड्रल आणि तीन विशेषणांची दंतकथा

इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे पालटतात हे सांगताना एक गोष्ट हमखास पुढे केली जाते. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधून पूर्ण झाल्यावर राजाने ते पाहिले आणि वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेन यांना सांगितले की, तुमची वास्तू 'ऑफुल, आर्टिफिशियल आणि अम्यूझिंग' आहे. आज हे शब्द 'भिकार, बनावट आणि हास्यास्पद' असे ऐकू येतील. पण त्या काळी त्यांचा अर्थ 'विस्मयकारक, कलापूर्ण आणि थक्क करणारी' असा होता, म्हणून रेन कृतार्थ झाले. यावरून निष्कर्ष असा काढला जातो की जुन्या इंग्रजीत हे शब्द निव्वळ स्तुतीचे होते आणि पुढे ते थेट उलटे झाले. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, परंतु तिचा एकेक दुवा तपासू लागलो की तिच्यातले थोडेच टिकते. आणि जे टिकते ते मूळ गोष्टीपेक्षा मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

आधी राजाचे पाहू. कोणी दुसऱ्या चार्ल्सचे नाव घेतो, कोणी दुसऱ्या जेम्सचे, कोणी ॲन राणीचे, तर कोणी पहिल्या जॉर्जचे. जुने कॅथीड्रल १६६६ च्या भीषण आगीत गेले आणि नव्याचा पाया १६७५ मध्ये घातला गेला. दुसरा चार्ल्स १६८५ मध्ये वारला आणि दुसरा जेम्स १६८८ मध्ये देश सोडून पळाला; आत पहिली उपासना झाली ती १६९७ मध्ये, आणि काम पूर्ण झाल्याचे जाहीर व्हायला १७११ साल उजाडले. म्हणजे पूर्ण झालेली वास्तू पाहून हे उद्गार काढणे त्या दोन राजांना शक्यच नव्हते. ज्या वाक्याचा धनी प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतो, ते कोणी ऐकून टिपून ठेवलेले असण्यापेक्षा कर्णोपकर्णी घडत गेलेले असण्याचाच संभव अधिक असतो.

मात्र या दंतकथेच्या तळाशी एक अस्सल कागद आहे, आणि खेदाची गोष्ट ही की गोष्ट सांगणारे नेमके त्यालाच विसरतात. मे १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने कॅथीड्रलच्या बांधकामाला मंजुरी देणारा हुकूम काढला. त्यात त्याने म्हटले आहे की, सादर झालेल्या आराखड्यांपैकी एक आम्ही निवडला, कारण तो आम्हांला 'अतिशय आर्टिफिशियल, उचित आणि उपयुक्त' वाटला, आणि शिवाय तो भागाभागाने बांधून पुरा करता येईल असा आहे. बांधकामाचा पैसा मुख्यतः लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील करातून यायचा होता, तेव्हा भागाभागाने बांधता येणे ही मोठीच सोय होती. म्हणजे राजाने 'आर्टिफिशियल' हा शब्द स्तुतीने वापरला हे खरे. पण तो कागदावरच्या आराखड्याविषयी वापरला, आणि 'उचित' व 'उपयुक्त' यांच्या शेजारी बसवून, कारागिराच्या कौशल्याला मान देणारा शब्द म्हणून वापरला. त्या आराखड्यात घुमटावर उंच निमुळता मनोरा होता. राजाने दिलेल्या फेरफाराच्या मुभेचा रेन यांनी असा काही उपयोग केला की आज उभी असलेली वास्तू त्या चित्राहून फार वेगळी आहे.

'आर्टिफिशियल' तेव्हा फक्त चांगल्याच अर्थाचा होता, हे म्हणणेही टिकत नाही. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात 'नैसर्गिक नसलेले', 'खोटे, अस्सल नसलेले' आणि 'कौशल्याने रचलेले' हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. शेक्सपिअरच्या 'टायमन ऑफ अथेन्स'मध्ये एक कवी चित्र पाहून म्हणतो की, हे निसर्गालाच धडे देते, आणि या कुंचल्याच्या स्पर्शांत जिवंतपणाहूनही जिवंत अशी 'आर्टिफिशियल' स्पर्धा वसते. निसर्गाशी चढाओढ करणारी ती कला आहे, म्हणून तेथे हा शब्द शोभतो. त्याच्यातले 'मानवनिर्मित' हे अंग बाजूला काढले तर स्तुतीच उरत नाही.

'अम्यूझिंग' म्हणजे 'थक्क करणारे', हा दावा तर सर्वांत कच्चा आहे. 'अम्यूझ' आणि 'अमेझ' (थक्क करणे) हे कानाला जवळचे वाटले तरी पहिला फ्रेंचमधून आलेला आणि दुसरा जुन्या इंग्रजीतला, असे दोन वेगळे शब्द आहेत. जॉन्सन यांच्या कोशात 'अम्यूझ' म्हणजे मनाला विचलित न करता शांतपणे गुंतवून ठेवणे. भव्य घुमटाखाली उभे राहून उमटावा असा हा उद्गार नव्हे.

राहिला 'ऑफुल'. येथे गोष्टीचे निम्मे म्हणणे बरोबर आहे, परंतु 'विस्मयकारक' या भाषांतरात त्या शब्दाचा प्राणच हरवतो. त्याच्या मुळाशी असलेल्या नॉर्स शब्दाचा अर्थ भय असा आहे. जॉन्सन यांनीही 'दरारा आणि पूज्यभाव उत्पन्न करणारे' या अर्थापाठोपाठ 'भ्यालेला' असाही विरळ अर्थ नोंदवला आहे. निसर्गदृश्यांच्या वर्णनांत हे भय उघडच दिसते. इंग्रज लेखक जॉन डेनिस यांनी १६८८ मध्ये आल्प्स ओलांडताना आपल्याला 'आनंददायी थरकाप (हॉरर) आणि भयंकर आनंद' जाणवल्याचे लिहिले. जोसेफ ॲडिसन यांनी १७०५ मध्ये त्याच पर्वतांविषयी 'सुखद असा थरकाप' म्हटले. आणि १७५७ मध्ये एडमंड बर्क यांनी भव्यतेची सगळी मीमांसाच या भयाच्या पायावर उभी केली. हे लेखक चुकून वाईट शब्द वापरत नव्हते, की त्यांच्या काळी 'हॉरर' या शब्दाचा अर्थ गोड होता असेही नाही. खोल दरीच्या काठावर जीव मुठीत धरून उभे असताना जे सौंदर्य दिसते त्याचे नाव ते शोधत होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

'ऑफुल' पुढे एकोणिसाव्या शतकात बोलीत सैलपणे, नुसता जोर देण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि हळूहळू 'फार वाईट' एवढ्यावर आला, हे खरे. पण याला अर्थ उलटणे म्हणता येत नाही, कारण त्यातले भयाचे अंग पहिल्यापासून होते; झिजला तो त्याला लागून असलेला पूज्यभाव. आपल्याकडे 'भयंकर आवडलं' म्हणणाऱ्याच्या मनात भय नसते, तरी 'भयंकर अपघात' वाचताना तोच शब्द आपल्या पूर्ण वजनासह समोर येतो.