खजिनदाराची थकबाकी

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर महिन्याच्या दहा तारखेला थकबाकीदारांची यादी लागते. ती मी लावतो. गेली नऊ वर्षं मी खजिनदार आहे आणि नावं ठळक टाइपात छापायची कल्पनाही माझीच. मेंटेनन्स थकवणाऱ्याला आमच्या सोसायटीच्या उपविधीप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता येतं. मी पूर्ण २१ लावतो. त्यावरून बी-३०२ मधले गृहस्थ लिफ्टमध्ये मला ‘काय सावकार!’ म्हणतात. मी ते कौतुकात मोजतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत याच माणसाची आहे.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही ५५ इंची टीव्ही घेतला. किंमत ४८,००० रुपये. खिशात क्रेडिट कार्ड होतं, एका मॉलमध्ये फुकट ट्रॉली बॅगेच्या मोहानं घेतलेलं. (बॅगेचं एक चाक पहिल्याच प्रवासात दादर स्टेशनच्या जिन्यावर राहिलं. कार्ड मात्र टिकाऊ निघालं.) बिल आलं, त्यावर दोन आकडे होते: एकूण देय रक्कम ४८,००० आणि किमान देय रक्कम २,४००. मला अगदी भरून आलं. इतक्या वर्षांत मी एकाही सभासदाला ‘जमेल तेवढे द्या हो’ म्हटलं नव्हतं, आणि इथे एवढी मोठी बँक म्हणते, तूर्त २,४०० द्या! मी किमान रकमेचा ऑटो-पे लावून टाकला आणि निवांत टीव्ही बघत बसलो.

त्या २,४०० चं पुढे काय होतं, हे मी फार उशिरा कागदावर मांडलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे ४२. माझ्या सावकारीच्या बरोबर दुप्पट. ४८,००० वर महिन्याचं व्याज १,६८० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३०२ रुपये. तीनशे दोन! लिफ्टमधले गृहस्थ डोळ्यांपुढे हसले. जुन्या दंडविधानात हे कलम खुनाचं होतं, तेही आठवलं. सगळं वजा जाता मुद्दलातून फिटले ४१८ रुपये. शिवाय बिल पूर्ण न भरणाऱ्याला नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे त्या काळात कार्डावर आणलेली कोथिंबीरसुद्धा आम्ही व्याजानं खाल्ली.

तरी इथवर मी थकबाकीदार नव्हतो, नुसताच मूर्ख होतो. एप्रिलमध्ये नोकरी बदलली आणि पगार नव्या बँकेत जमा होऊ लागला. ऑटो-पे बिचारा जुन्या खात्यावर दर महिन्याला जाऊन हात हलवत परत यायचा. तिथे २१७ रुपये होते.

बँकेनं कळवलं नाही असं म्हणणार नाही. मेसेज आले. पण ‘आपले पेमेंट थकले आहे, त्वरित लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला की तो सायबर भामट्यांचाच असतो, हे मीच सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यातून दोनदा सांगत असे. मग एका मुलीचा फोन आला.

‘सर, आपलं कार्डाचं पेमेंट दोन महिन्यांपासून पेंडिंग आहे.’

‘बाळ, घरी आईवडील आहेत ना?’ मी विचारलं.

‘सर?’

‘शिकलेली दिसतेस. चांगल्या घरची वाटतेस. मग हे धंदे कशाला?’

दहा मिनिटं मी तिला कष्टाच्या भाकरीबद्दल सांगत होतो. ती ‘सर, पण पेमेंट...’ एवढंच म्हणत राहिली. शेवटी सायबर पोलिसांचं नाव काढून मी फोन ठेवला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर चहा-समोसा चालू असताना हा प्रसंग मी सर्वांना साभिनय करून दाखवला. टाळ्या पडल्या. बी-३०२ नंही वाजवल्या.

नंतर आठच दिवसांनी, गणपतीच्या आधी गाडी दारात यावी म्हणून आम्ही शोरूममध्ये गेलो. रंग ठरला, सीट कव्हर ठरलं. विक्रेता पोरगा म्हणाला, ‘सर, पॅन नंबर द्या, सिबिल काढून घेतो, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा स्कोअर, पाच मिनिटांचं काम.’ पाच मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावरचं ‘सर’ उतरलेलं दिसलं.

‘सहाशे बारा,’ तो म्हणाला.

‘कितीपैकी?’

‘नऊशे.’

मी मनात भागाकार केला. अडुसष्ट टक्के! ‘म्हणजे फर्स्ट क्लास की,’ मी बायकोकडे बघत म्हणालो. तेव्हा त्यानं हळूच सांगितलं की मोजायला सुरुवातच ३०० पासून होते, आणि ७५० च्या पुढे असलं की बँका हसून बोलतात. म्हणजे नुसतं परीक्षेला बसल्याचे ३०० बाजूला काढले तर ६०० पैकी ३१२. आमच्या काळी याला सेकंड क्लास म्हणत. तरीही त्यानं ‘ट्राय करून बघू’ म्हणत चार बँकांकडे अर्ज ढकलले. चारही ठिकाणी नकार आला, आणि अर्जांमुळे झालेल्या चौकश्यांची माझ्या कर्जफेडीच्या अहवालात नोंद होऊन आकडा आणखी थोडा खाली सरकला.

घरी येऊन अहवाल उतरवून घेतला. देशात असे अहवाल बनवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. पण कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो तसं सगळ्याला सिबिलच म्हणायचं. वर्षातून एकदा प्रत्येकीनं पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात महिनावार चौकटी होत्या, हप्ता किती दिवस उशिरा याच्या, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतच्या. ०००, ०००, ०००... आणि मग २८, ५९, ८९, ११९. माझ्या यादीत निदान महिना बदलला की जुना कागद निघतो. इथे तीन वर्षं कुणी टाचणी काढत नाही.

‘किती झालेत एकूण?’ बायकोनं विचारलं.

‘एकसष्ट हजार तीनशे चाळीस.’

‘आणि आपली एफडी आहे ती किती टक्क्यांची?’

‘सात.’

ती काही क्षण गप्प राहिली. ‘अहो, म्हणजे सात टक्के मिळावेत म्हणून पैसे बाजूला ठेवून तुम्ही बेचाळीस टक्के भरत होतात? आणि सोसायटीचा हिशेब तुमच्याकडे आहे?’

दुसऱ्या दिवशी एफडी मोडायला निघालो, तेवढ्यात वसुलीवाल्यांचा फोन आला. आता मी अतिशय नम्र होतो. त्यांनी सुचवलं, साहेब, ३८ हजार भरा, सेटलमेंट करून टाकू. तेवीस हजारांची सूट! सहकारी बँकेत असलेल्या मेहुण्याला आनंदानं फोन लावला. तो ओरडलाच, ‘भाऊजी, सेटलमेंटचं नाव काढू नका! खात्यावर “सेटल्ड” लागलं की पुढचा प्रत्येक बँकवाला तेवढाच शब्द वाचतो. सगळे भरा, “क्लोज्ड” करून घ्या, आणि नो ड्यूजचं पत्र हातात पडल्याशिवाय झोपू नका.’ मार्चमध्ये बी-३०२ नं व्याज माफ करून मिटवू या का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मीही त्यांना हेच, पण जरा कमी प्रेमानं, सांगितलं होतं.

पैसे भरले, कार्ड बंद केलं, पत्र लॅमिनेट केलं. पुढच्या अहवालात पाहतो तर बंद कार्डावर ५९० रुपये बाकी: ५०० वार्षिक फी आणि ९० जीएसटी. तक्रार नोंदवली. नियम असा की ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये. तेव्हापासून तक्रार सुटू नये म्हणून मी मनोभावे प्रार्थना करू लागलो. पंचविसावा दिवस गेला, सत्ताविसावा गेला. कॅलेंडरवर मी पुढचे आकडेही मांडून ठेवले होते. एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी दुरुस्ती झाल्याचा मेल आला. आयुष्यात इतकी चोख सेवा मला कधी नको होती.

मग आकडा पुन्हा वर चढावा म्हणून मेहुण्याच्या सांगण्यावरून एफडीवरचं कार्ड घेतलं. वीस हजारांची एफडी बँकेकडे अडकवायची आणि तिच्या जोरावर अठरा हजारांची उधारी मिळवायची. स्वतःचेच पैसे गहाण टाकून स्वतःलाच उसने देण्याचा हा व्यवहार बायकोला तीनदा समजावला, तिला तिन्ही वेळा तो वेडेपणाच वाटला. त्यातही मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे महिन्याला ५,४००. वाण्याकडे तूर डाळ घेताना मी आता ‘थांबा, ५,१८० झालेत’ म्हणतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिलसारख्या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागू लागली, त्यामुळे मीही पंधरवड्यानं अॅप उघडू लागलो. आपण स्वतः पाहिल्यानं आकडा घटत नाही, एवढी सवलत आहे. ६३४, ६५८, मध्येच काही कारण नसताना ६५५, मग ७०२. परवा ७३१ झाला.

गेल्या मंगळवारी फोन आला. ‘सर, तुमच्या कार्डाचं पेमेंट थकलंय.’

मी ताडकन उभा राहिलो. ‘ताई, सॉरी, अहो नक्की भरतो, नोंद तेवढी करू नका. आत्ता भरतो.’

‘ठीक आहे सर, मग एक ओटीपी आलाय तो सांगा.’

मी अॅप उघडून पाहिलं. बिल चार दिवसांपूर्वीच फिटलं होतं. फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, ‘कोण होतं हो? कोणाला एवढं सॉरी म्हणत होतात?’