रविवार सोडून

जानेवारीत आमच्या पाळकांनी गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर उपदेश केला. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नावे नऊ असली तरी आत्म्याचे फळ एकच, असे त्यांनी बजावले आणि लगेच, "यंदा प्रत्येकाने यातले एक निवडा" म्हणून मोकळे झाले. मला न विचारताच बायकोने माझ्यासाठी सहनशीलता निवडली. स्वतःला आनंद घेतला.

आम्ही मूळचे मिरजेचे. नोकरीपायी म्हापशात एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहतो. खाली मालक: अंकल म्हणजे जन्म बोटीवर काढलेले निवृत्त तारवटी, आणि आंटी. पहिल्याच दिवशी माझे मराठी बायबल पाहून आंटी म्हणाल्या, "तूं क्रिस्तांव? आनी मराठी?" त्यांची प्रार्थनेची पुस्तके रोमी लिपीतल्या कोंकणीत; मराठी त्यांच्या लेखी हिंदूंची. मी छाती फुगवून सांगितले की थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्रीने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली इथेच, रायतूरला छापले गेले. "आसत, आसत," म्हणत आंटींनी पाण्याचे बिल माझ्या हातात ठेवले.

माझ्या सहनशीलतेची शाळा भरते सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मला वेर्ण्याला सातच्या पाळीवर जायचे असते. माझी गाडी पोर्चमध्ये आणि तिच्या पाठीला पाठ लावून अंकलची मारुती 800. मी रिव्हर्स टाकतो, गाडी आपली चिनी धून वाजवू लागते आणि खालच्या खोलीत दिवा लागतो. मग चष्म्याचा शोध. मग किल्लीचा. मग अंकल लुंगी सावरत येतात, आरशाला टांगलेल्या रोझरीला हात लावतात, क्रूसाची खूण करतात आणि बोट बंदरातून काढावी तशी गाडी मागे घेतात. प्रवास आठ फुटांचा.

पेत्राने विचारले होते, भावाला सात वेळा क्षमा केली की पुरे ना? उत्तर मिळाले, सातांच्या सत्तर वेळा. म्हणजे 490. आठवड्याला सहा पाळ्या धरल्या तर माझा कोटा वर्ष सात महिन्यांत संपतो. हा हिशोब मी झुवारी पुलाच्या अलीकडेच पुरा केला. पाळकांना अजून सांगितलेला नाही.

मात्र फेब्रुवारीत चमत्कार झाला. कार्निव्हलच्या चार दिवसांत आंटींनी आम्हाला सणकून झोडपले: गाडीची धून, बायकोचा मिक्सर, वाळत घातलेल्या कपड्यांचे त्यांच्या मिरच्यांवर पडणारे थेंब. बुधवारी त्या कपाळाला राख लावून आल्या आणि पार बदलल्या. मिरच्यांवर अख्खी चादर ठिबकली तरी, "जांव रे पुता" एवढेच. मी बायकोला म्हटले, "बघ. आपल्या सहनशीलतेचा शेजाऱ्यावरही परिणाम होतो." ती आनंदात होती. काही बोलली नाही.

पण रविवार आला की आंटी पुन्हा मूळ पदावर. सोमवारी परत साखर. असे तीन आठवडे गेल्यावर न राहवून मी विचारलेच.

"कोरेज्म न्हय?" त्या म्हणाल्या. कोरेज्म म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ. लोक मांस सोडतात. अंकलनी फेणी सोडली होती. आंटींनी माझ्यावर ओरडणे सोडले होते!

"आनी आयतार?"

"आयतार कोरेज्मांत येनात."

खरेच आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. सहा रविवार वगळल्यावर चाळीस होतात. शास्त्र आंटींच्या बाजूने होते. मी कुणाच्या तरी तपश्चर्येचा विषय होतो, तोही मटणाच्या तोडीचा.

मी पडेल आवाजात म्हटले, "पण आंटी, रोज सकाळी मीच तर अंकलची वाट बघत उभा असतो..." त्यांनी पोर्चकडे बोट दाखवले. ती जागा अंकलची. आम्ही राहायला आलो त्या पावसाळ्यात माझी गाडी नवी म्हणून त्यांनी आपली उघड्यावर काढली होती. पाऊस संपला, मी गाडी तिथून काढली नाही आणि कुणी काढायला सांगितलीही नाही. वर दोन वर्षे एक म्हातारा माझ्यासाठी पहाटे उठतोय. तिकडचा आकडा 490 च्या कधीच पुढे गेला असणार.

शनिवारी मेकॅनिककडे जाऊन मी धून तोडून घेतली. ईस्टरला आंटींनी सान्नां आणि सोरपोतेल वर पाठवले. सोमवारी सहा दहाला मी रिव्हर्स टाकला. शांतता. आंटींची खिडकी उघडली. चाळीस दिवसांचा साठा घेऊन त्या तयारीत होत्या. पण धूनच नाही. मिनिटभर त्या नुसत्या बघत राहिल्या.

"किते रे, गाडी बिगडली?"

"नाही आंटी, आवाज बंद केला. तुम्हाला त्रास नको."

"आनी तुजो अंकल आतां कित्याक उठतलो?"

आत घोरणे चालू होते. सहा वीस झाले. शेवटी मी हॉर्नवर हात ठेवला, आणि आंटींना हवे होते ते मिळाले.