400 अँपिअरचा हट्ट आणि काळा गॉगल

नव्याने वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या जोरात फिरत आहे. त्यात चार सूचना आहेत: पहिले मशीन 400 अँपिअरचेच घ्यावे कारण ते घरच्या प्लगवरही चालते, ड्यूटी सायकल (ठरावीक वेळातला किती भाग मशीन न थांबता वेल्डिंग करू शकते ते प्रमाण) हा केवळ जाहिरातीचा शब्द आहे, गॅस न लागणारे मिग (रॉडऐवजी सतत पुढे सरकणाऱ्या तारेने जोडणारे) मशीन घेतले की धुराचा प्रश्न मिटतो, आणि किरकोळ कामाला चेहरा झाकणारे वेल्डिंगचे हेल्मेट लागत नाही, काळा गॉगल पुरतो. हे वाचून माझ्या भाच्याने खरेदीच्या यादीतून हेल्मेट खोडून टाकले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

शेवटची सूचना सर्वांत घातक असल्यामुळे आधी तिचाच समाचार घेतो. रॉडने वेल्डिंग करताना हेल्मेटला सर्वसाधारणपणे 10 क्रमांकाची काळी काच वापरतात आणि ती दृश्य प्रकाशाचा जेमतेम सात हजारावा भाग डोळ्यापर्यंत पोहोचू देते. उन्हातला गडद गॉगल शंभरातले 8 ते 18 भाग आत सोडतो, म्हणजे काचेच्या किमान पाचशे पट. शिवाय गॉगल कडेने उघडा असतो आणि गाल, कपाळ, गळा यांना त्याचा काहीच उपयोग नाही. तिथली कातडी उन्हाने भाजावी तशी भाजते. डोळ्यांचा त्रास तर काम करताना जाणवतही नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत रेती गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि दिवा सहन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण हे दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत घातले. हा गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे, आणि चार रॉड जाळल्याने कोणाला कर्करोग होतो असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘किरकोळ काम’ असा अपवाद त्या निष्कर्षात कुठेही केलेला नाही. आपोआप काळे होणारे महागडे हेल्मेट परवडत नसेल तर साध्या काचेचे घ्यावे, पण घ्यावे.

400 अँपिअरचा दावा साध्या गुणाकारानेच कोसळतो. रॉड-वेल्डिंगच्या मशीनची क्षमता मोजताना 400 अँपिअरला 36 व्होल्ट धरतात, म्हणजे 14,400 वॉट. 230 व्होल्टच्या 16 अँपिअर प्लगमधून मिळतात 3,680. मशीनमध्ये एकही वॉट वाया जात नाही असे उदार मनाने मानले, तरी या प्लगवर सुमारे 140 अँपिअरच्या पुढे जाता येत नाही. मग डब्यावरचा 400 हा आकडा कोठून आला, हे विक्रेत्यालाच विचारावे. आणि नवशिक्याला इतके अँपिअर हवेत कशाला? 2.5 मिलिमीटरचा रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालतो; पातळ चौकोनी पाइपवर याहून वर गेले की जोड होण्याऐवजी भोक पडते.

ड्यूटी सायकलबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. आयईसी 60974-1 या वेल्डिंग मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती 10 मिनिटांच्या चक्रावर आणि 40 अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. 160 अँपिअरला 20 टक्के म्हणजे दहापैकी दोन मिनिटे वेल्डिंग, बाकी वेळ विसावा. शिकणारा माणूस 80 अँपिअरवर एक रॉड संपवतो, स्लॅग (जोडावर साचलेले कवच) ठोकून काढतो, जोड न्याहाळतो, त्यामुळे मशीनला विसावा आपसूक मिळतो. तरीही मशीनवरची माहितीची प्लेट वाचावीच, कारण किती अँपिअरला किती टक्के हे जिथे लिहिलेलेच नाही, तिथे मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

राहिले बिनगॅसचे मिग. सिलिंडर नको आणि उघड्यावर वाऱ्याची भीती कमी, हे दोन्ही फायदे खरे आहेत. मात्र या फ्लक्सभरल्या (आत जोडाचे रक्षण करणारी पूड असलेल्या) तारेसाठी गन, म्हणजे तार सोडणारी मूठ, बहुतेक वेळा निगेटिव्ह टर्मिनलला जोडावी लागते. गॅसवर चालणाऱ्या भरीव तारेला नेमके उलटे. ही अदलाबदल करण्याची सोय नसलेले मशीन घेतले की ठिणग्या उडत राहतात आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. धूर मिटतो हे विधान तर सरळ खोटे आहे. तारेतला फ्लक्स जळूनच वितळलेल्या धातूला संरक्षण मिळते, त्यामुळे गॅसच्या मिगपेक्षा इथे धूर अधिकच होतो, आणि खिडकी-दार उघडून, डोके धुराच्या झोतातून बाजूला ठेवूनच हे काम करावे लागते.