डायरेक्टरांची नावं ‘लीक’ झाल्याचा मेसेज आणि आधार मागणारा तो नंबर

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी डायरेक्टरांची माहिती चोरून खासगी वेबसाइटवर टाकली आहे आणि हा गुन्हा आहे. डीआयएन, म्हणजे डायरेक्टरच्या ओळख क्रमांकावरून हॅकर बँक खातं रिकामं करतात. नव्या डेटा कायद्याखाली नोटीस दिली की ७२ तासांत नाव काढावंच लागतं. राजीनामा दिला की माहिती आपोआप पुसली जाते. आणि ज्यांना यातलं काही जमत नसेल त्यांनी आधार, पॅन आणि फी खालच्या नंबरवर पाठवावी, “आम्ही नाव काढून देऊ”.

माझे काका निफाड तालुक्यातल्या एका उत्पादक कंपनीचे डायरेक्टर आहेत. द्राक्षाची बाग सांभाळून कंपनीच्या मीटिंगांना जाणारा माणूस. त्यांनी गूगलवर स्वतःचं नाव टाकलं, गावच्या पत्त्यासकट कंपनीचं पान समोर आलं आणि ते हादरले. रात्री मला फोन. “अगं, आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत. पाठवू ना?” मी कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात काम करते, दिवसभर कंपन्यांचे सरकारी फॉर्म भरते, म्हणून त्यांनी विचारलं तरी. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही त्यांनी पाठवून दिले असतील. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासूनच करते, कारण खरा धोका तिथे आहे. झौबा कॉर्प, टॉफलर यांसारख्या कंपन्यांची माहिती दाखवणाऱ्या खासगी साइटवर डायरेक्टरचं नाव, डीआयएन, कोणत्या कंपनीत कधीपासून आहे, कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असं दिसतं. त्या पानावर तुमच्या आधार कार्डाचा फोटो नसतो. तो या नंबरवाल्याला हवा आहे. जे गेलं म्हणून तुम्हाला घाबरवलं जातंय ते त्याच्याकडे नाहीच, आणि तुम्ही घाबरून तेच त्याच्या हातात देणार आहात. आधार, पॅन, फोटो आणि चालू मोबाइल नंबर एकाच चॅटमध्ये मिळाल्यावर तुमच्या नावावर कर्ज काढायला किंवा सिम घ्यायला अजून काय लागतं? आणि नाव काढायचं काम तो करणार कसं? मूळ नोंद कंपनी रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात आहे. रजिस्ट्रारच्या नोंदी पुसण्याचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही. एखाद्या साइटने विनंतीवरून पान काढलंच, तरी त्यासाठी मेल तुम्ही स्वतः करू शकता, आणि त्या मेलला आधार जोडायची काही गरज नाही.

आता ७२ तासांचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याचं तिसरं कलम तरी वाचायला हवं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली आहे, किंवा भारतातल्या एखाद्या कायद्याने ज्याच्यावर ती जाहीर करायचं बंधन आहे त्याने जाहीर केली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. डायरेक्टरचं नाव कंपनी कायद्याच्या बंधनानेच रजिस्टरमध्ये जातं. कायदा जिथे लागू नाही तिथे त्याच्या नोटिशीला कोण विचारतो? शिवाय माहिती पुसून घेण्याचा हक्क देणारं याच कायद्याचं १२ वं कलम अजून अमलात यायचंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. नियमांत ७२ तास आहेत खरे, पण ते डेटा फुटल्यावर कंपनीने डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर कळवण्यासाठीचे. तो आकडा उचलून भलत्याच ठिकाणी चिकटवलाय.

राजीनाम्याचा सल्ला तर संतापजनक आहे. राजीनामा दिल्यावर डायरेक्टर बदलल्याचं रजिस्ट्रारला कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म भरला जातो आणि तुमच्या नावासमोर पद सोडल्याची तारीख लागते. नाव जात नाही, उलट आणखी एक नोंद वाढते. कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे तुमच्या कारकिर्दीत घडलेल्या गुन्ह्याची जबाबदारीही राजीनाम्यानंतर तुमच्यावरच राहते. उत्पादक कंपनीला किमान पाच डायरेक्टर लागतात. काकांच्या कंपनीत आहेतच पाच. मेसेज वाचून एकाने पद सोडलं असतं तर कांदा खरेदीच्या तोंडावर कंपनी अडचणीत आली असती. रजिस्टरमधून नाव काढण्याचा हा प्रश्न युरोपात तर थेट वरच्या कोर्टात गेला होता. इटलीतल्या लेच्चे शहरातल्या एका बांधकाम व्यावसायिकाची जुनी कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००५ मध्ये रजिस्टरवरून उतरली. त्या जुन्या नोंदीमुळे माझी नवी घरं विकली जात नाहीत, ती काढा, असं त्याचं म्हणणं होतं. गोपनीयतेचे कायदे आपल्यापेक्षा कितीतरी कडक असलेल्या युरोपच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये सांगितलं की कंपनी रजिस्टरमधून नाव पुसून घेण्याचा सरसकट हक्क नाही.

गुन्ह्याचा मुद्दा लवकर संपतो. कंपनी कायद्याच्या कलम ३९९ प्रमाणे रजिस्ट्रारकडची कागदपत्रं कुणीही फी भरून पाहू शकतो. एका कंपनीची कागदपत्रं पाहायला १०० रुपये लागतात. आपला सातबारा कुणीही ऑनलाइन पाहतो, त्यावरचा बोजाही पाहतो, म्हणून तर जमीन घेणारा फसत नाही. हे तसंच आहे. कंपनी बुडाली तर डायरेक्टरचं घर सहसा जात नाही. ही सवलत हवी असेल तर कंपनीमागे कोण आहे हे व्यापाऱ्याला, ठेवीदाराला, फ्लॅट घेणाऱ्याला कळलंच पाहिजे. २०१७ मध्ये सरकारने सुमारे २.२४ लाख कंपन्या रजिस्टरवरून उतरवल्या आणि ३ लाखांहून जास्त डायरेक्टर अपात्र ठरवले. अशा माणसाला माल उधार देण्याआधी त्याचं नाव तपासता येणं ही तुमच्या-माझ्या सोयीची गोष्ट आहे.

डीआयएन हा आठ आकडी ओळख क्रमांक आहे, पासवर्ड नाही. त्यावरून बँक खातं उघडत नाही. एवढंच.

आता या मेसेजमध्ये जे थोडंफार खरं आहे ते मान्य करायला हवं, मनात नसलं तरी. सरकारी पोर्टलवर शोधून, पैसे भरून माहिती मिळणं आणि नाव टाकताच ती गूगलच्या पहिल्या पानावर येणं यात फरक आहे. छोट्या कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराचाच असतो. कंपनी नोंदली की चालू खातं, ट्रेडमार्क, आयएसओ सर्टिफिकेटवाल्यांचे फोन सुरू होतात. डायरेक्टरचं नाव आणि फोटो लावून अकाउंटंटला “तातडीने पैसे पाठव” असा मेसेज करणारे भामटेही याच माहितीवर जगतात. आणि पॅनचं म्हणाल तर डायरेक्टर होताना आपण जे डीआयआर-२ संमतिपत्र देतो त्यात वडिलांचं नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, ई-मेल, पॅन सगळं असतं, आणि ते डीआयआर-१२ ला जोडलं जातं. शंभर रुपये भरणाऱ्याला ते उघडून वाचता येतं. ऑफिसात दुसऱ्या कंपन्यांच्या फायली पाहताना मला हे नेहमी दिसतं आणि दर वेळी खटकतं. २०२४ च्या जानेवारीत तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलमधल्या त्रुटीमुळे सुमारे ९८ लाख डायरेक्टरांचे आधार, पॅन, मोबाइल उघडे राहिल्याची बातमी आली होती. ती त्रुटी दुरुस्त झाली, पण खरी गळती म्हणायची तर ती.

उपाय मागायचा तो मंत्रालयाकडे. ब्रिटनमध्ये २००९ पासून डायरेक्टर पत्रव्यवहाराचा पत्ता जाहीर करतो आणि घरचा पत्ता रजिस्ट्रारकडे बंद राहतो. नावं उघडी, घरं झाकलेली. आपल्याकडे हे करायला काय हरकत आहे? उत्पादक कंपन्यांच्या महिला डायरेक्टरांसाठी तर हे आधी व्हायला हवं. गावातल्या बाईच्या मोबाइलवर अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले की पुढच्या वेळी घरचे तिला डायरेक्टर होऊच देत नाहीत.

तोवर हातात आहे ते करा. कंपनीसाठी वेगळं सिम आणि वेगळा ई-मेल ठेवा, तोच फॉर्मवर द्या. पॅक हाऊस किंवा गोदामाची जागा असेल तर मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल घेऊन नोंदणीकृत पत्ता तिकडे हलवा. त्यासाठी आयएनसी-२२ फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो. जुन्या कागदांवर जुना पत्ता राहील, पण नव्या नोंदीत घर दिसणार नाही. कागद जोडताना जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

आणि ज्यांनी त्या नंबरला कागद आधीच पाठवलेत त्यांनी आजच आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास तिथेच पाहा. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढा, त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर बँकेला आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. पैसे गेले असतील तर सकाळची वाट पाहू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करा.