एका पानात मावणारा पाऊस

प्रबंध परत आला. पान 87, लाल शाईत शेरा: 'चित्र समासात'. तपासणीच्या खिडकीत बसणारे भाऊसाहेब स्टीलची फूटपट्टी लावून समास मोजतात. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच, उजवीकडे एक. पावणेदोनशे पानांत त्यांना वाचावंसं काही सापडलं नाही, मोजावंसं एवढंच सापडलं.

त्या पानावर सातारा जिल्ह्यातल्या चार ठिकाणांच्या पावसाचे चार आलेख होते. महाबळेश्वर, पाटण, सातारा, म्हसवड. चारही एकाच पानावर हवेत, हा सरांचा हट्ट. तुलना म्हणे एका नजरेत व्हायला हवी. नजर सरांची, रात्र आमची.

आलेख काढायला मॅटप्लॉटलिब हे सॉफ्टवेअर वापरलं. जॉन हंटर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून ते लिहायला घेतलं, 2003 मध्ये जगाला फुकट दिलं आणि 2012 साली बिचारा गेला. त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. पण जुन्या रीतीने आलेख मागितला की पहिल्याचा नंबर एक आणि नव्या रीतीने मागितला की शून्य, हे काय आहे? चार चौकटी मागितल्या तर मिळतात, नाही असं नाही. मात्र वरच्या आलेखाच्या महिन्यांची नावं खालच्याच्या शीर्षकावर येऊन बसतात, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी, अर्धी आत अर्धी बाहेर. 'टाइट लेआउट' ही आज्ञा दिली की ती सरकतात, पण मग आलेखच आक्रसतात. मोकळं बसावं म्हणून चित्र बारा इंच रुंद केलं. पानात ते पावणेसहा इंचांत कोंबल्यावर दहा पॉइंटची अक्षरं पाचाच्या खाली गेली. मुंग्यांना वाचता आली असती.

त्यात मराठी. आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. देवनागरी फाँट दिला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहिली आणि जोडाक्षरं सुटली. म्हसवडमधल्या 'म'चा पाय मोडलेला, 'ह' शेजारी सुटा. तसंच नेलं.

आणि भाऊसाहेब निघाले म्हसवडचे.

"हे काय ओ? आमच्या गावाचा पाय मोडला तुम्ही."

म्हटलं, सॉफ्टवेअर तसंच काढतं.

"महाबळेश्वराचाबी मोडलाय," त्यांनी जरा समाधानाने पाहिलं. मग फूटपट्टी म्हसवडच्या जुलैच्या स्तंभावर उभी धरली. एक डोळा मिटला. "दोन मिलिमीटर. तेबी भरत न्हाईत. जुलैत आमच्याकडं दोन मिलिमीटर पाऊस?"

मी समजावलं. चारही आलेखांना उभा अक्ष सामाईक ठेवलाय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो, म्हसवडकडे सगळा मिळून पाचशेच्या आसपास. एकाच मापाने मोजलं तर म्हसवड असंच दिसणार.

"म्हंजे बरोबर हाय," ते म्हणाले. "पर दिसत न्हाई. न दिसणारं चित्र कशाला छापता? हे कोरं पान धरलं जाईल."

मागे रांग लागली होती. त्यातल्या एकीने चक्क वाकून आलेख पाहिला आणि "खरंच की, रिकामंच आहे" असं प्रमाणपत्र दिलं. तिचा विषय संस्कृत होता.

घरी जाऊन प्रत्येक आलेखाला ज्याचा त्याचा अक्ष दिला. म्हसवड वर आलं, पान भरलं, समासही बसला. पुन्हा खिडकी. भाऊसाहेबांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हसवडला महाबळेश्वराएवढा पाऊस?"

"आकडे बघा ना कडेचे. तिथे दोन हजार आहे, इथे शंभर."

"आकडं कोण बघतंय? काठी किती उंच, एवढंच बघतात. उद्या कुणी हे पान तालुक्याला नेऊन दाखवलं म्हंजे? आमचं टँकर बंद होत्याल ना!"

आता यावर काय बोलणार? मला राग आला तो ते बरोबर बोलत होते म्हणून. आलेख शिकवणाऱ्या एकाही तासाला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. एका मित्राने लॉगचा अक्ष सुचवला. त्यात दसपट फरक एका पायरीत मिटतो. म्हणजे पुन्हा महाबळेश्वर आणि म्हसवड जवळपास खांद्याला खांदा, टँकर पुन्हा बंद. तो बेत तिथेच सोडला.

शेवटी भाऊसाहेबांनीच निकाल दिला, चार आलेख चार पानांवर घ्या. "आणि आकृत्यांच्या यादीत नोंद एकच हाय तुमची. चार चित्रं, नोंद एक, असं चालत न्हाई." अ, आ, इ, ई अशी उपआकृत्या दाखवायची पद्धत जगभर आहे, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पुढच्याचा प्रबंध ओढून फूटपट्टी लावलीसुद्धा.

चार पानं केली. त्यामुळे 87 च्या पुढचं प्रत्येक पान तीनने सरकलं, अनुक्रमणिका गेली, सूची गेली, 'पहा पृष्ठ अमुक' म्हणून जिथे जिथे लिहिलं होतं ते सगळं गेलं. सगळ्या प्रती नव्याने छापल्या, बांधल्या. घेऊन गेलो तर भाऊसाहेब गावाकडे, जत्रेला. त्यांच्या जागेवर बसलेल्या मॅडमनी आलेखांची पानं उलटलीसुद्धा नाहीत. सही केली आणि विलंब शुल्काची पावती पुढे सरकवली. मुदत आदल्या दिवशीच संपली होती.